घरी हळू वाजवायला आणि कधीमधी शोला न्यायला गिटार ॲम्प कुठला घ्यायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतं आणि मी दरवेळी तेच तेच टाईप करत बसतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. बोलणं इलेक्ट्रिक गिटारबद्दल आहे, आणि ॲम्प म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल तर इथेच थांबता येईल: ज्या खोलीत तुम्ही रोज वाजवता त्या खोलीसाठी ॲम्प घ्या. शो वर्षातून चार होतात, रात्री साडेदहाची प्रॅक्टिस रोज असते. आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो, त्या चार शोंचा विचार करून ॲम्प घेतो आणि मग उरलेले तीनशे साठ दिवस त्याच्याशी भांडत बसतो. मीही तेच केलंय.

किती वॅटचा घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे "हां, जरा वाढला वाटतं" इतपत. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे १०० वॅटच्या ॲम्पच्या निम्मा आवाज हवा असेल तर ५० वॅटचा नाही, १० वॅटचा घ्यायला हवा. १०० आणि ५० मधला फरक एवढासाच असतो, तो मुख्यतः क्लीन म्हणजे न फाटलेला आवाज किती वरपर्यंत क्लीन राहतो यात कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पीकर. स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेशनचा व्हिंटेज ३० बऱ्याच ॲम्पमध्ये असतो, त्याची १०० डेसिबल आहे. तेच ९४ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच आवाज काढायला चौपट वॅट लागतील. त्यामुळे नुसता वॅटचा आकडा बघून ॲम्प घेणं म्हणजे शर्टाची फक्त बाही मोजून शर्ट घेण्यासारखं आहे.

मग ५ वॅटचा छोटा ट्यूब ॲम्प घेतला की घरचं काम झालं ना?

नाही हो. (ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, आवाज त्या वाढवतात.) वरचाच आकडा परत बघा, १ वॅटला १०० डेसिबल. १ वॅट! बारा इंची चांगल्या स्पीकरवर ५ वॅटचा ट्यूब ॲम्प पूर्ण उघडलात तर फ्लॅटमध्ये कोणी टीव्ही बघू शकणार नाही. ट्यूबचा तो गोड क्रंच म्हणजे किंचित फाटलेला आवाज जेव्हा सुरू होतो तेव्हा बाकी घरातली माणसं ओरडायला पण सुरू झालेली असतात. १ वॅटचे ट्यूब ॲम्प मिळतात, मार्शलचा डीएसएल१ तर ०.१ वॅटपर्यंत खाली येतो, तेही "हळू" नाहीत, "सहन होतील" इतके आहेत.

मोठाच घेतो आणि घरी व्हॉल्यूम कमी ठेवतो, काय बिघडलं?

कागदावर काहीच बिघडत नाही. माझ्याकडे ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) होता, त्याचं सांगतो. मास्टरचा म्हणजे एकूण आवाजाचा नॉब शून्यावर, काहीच नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून श्वास रोखून जरासा सरकवला, तरी काही नाही, नुसता हिस्स आवाज. अजून केसभर सरकवला आणि धाड्‌. आतल्या खोलीत झोपलेलं बाळ उठलं. शून्य आणि एक यांच्या मधे, नखाच्या रुंदीएवढ्या जागेत, माझी सगळी प्रॅक्टिस होती. कधी कधी तेवढ्या जागेत एका बाजूची तारच नीट ऐकू यायची नाही असं वाटायचं, तो भ्रम असेल, पण वाजवताना मजा येत नव्हती हे खरं. शेवटी तीन वर्षांत तो ॲम्प दोनपेक्षा वर कधी गेलाच नाही आणि मी तो विकला.

म्हणून दुकानात ॲम्प ट्राय करताना लोक आवाज वाढवून बघतात ते चूक आहे. आवाज कमी करून बघा. दोन माणसं शेजारी बसून साधं बोलतायत एवढ्या आवाजात ठेवा आणि वाजवा. तिथे आवाज भरलेला वाटतोय का, नॉब हळू हळू वाढतोय का, पिक (तार छेडायची चकती) हळू मारली तर हळू आणि जोरात मारली तर जोरात असं कळतंय का. एवढ्या एका टेस्टमध्ये निम्मे ॲम्प बाद होतात.

ट्यूब, सॉलिड स्टेट की मॉडेलिंग?

यावर लोकांनी मैत्र्या तोडल्यात, मी थोडक्यात सांगतो. ट्यूब ॲम्पची जी काय जादू आहे ती बरीचशी पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर असे सगळे मिळून राबायला लागले की येते, आणि ते राबतात मोठ्या आवाजात. घरी तुम्ही फक्त प्रीॲम्प, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीचा भाग, ऐकत असता. म्हणजे वजन, गरम होणं, ट्यूब बदलणं हे सगळं तुम्ही सोसता आणि ज्याच्यासाठी सोसता ते मिळतच नाही.

सॉलिड स्टेटला, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाल्याला, उगाच नावं ठेवतात. रोलंडचा जेसी-१२० १९७५ पासून आहे, पूर्ण ट्रान्झिस्टर, आणि क्लीन आवाजासाठी आजही लोक तोच मागतात. फक्त तो जवळजवळ २८ किलोचा आहे, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर विचार करा.

मॉडेलिंग म्हणजे आतला कॉम्प्युटर वेगवेगळ्या ॲम्पची नक्कल करतो. हळू आवाजाच्या प्रॅक्टिसला माझ्या मते आज हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे, कारण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) व्हॉल्यूमवर अवलंबून नाही, बोलण्याएवढ्या आवाजातही मिळतं. तोटा एकच, ऑप्शन इतके असतात की माणूस तासभर आवाज निवडतो आणि पाच मिनिटं वाजवतो. त्यातले चार आवाज सेव्ह करा आणि ॲप बंद करा.

ॲम्पवर तो ०.५ वॅट, २५ वॅट, ५० वॅटचा स्विच असतो, त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि तुमच्यासारख्या माणसाला म्हणजे घर अधिक कधीमधी शो, हाच स्विच सगळ्यात कामाचा आहे. बॉसच्या कटाना ५० वर अगदी हेच तीन आकडे आहेत. घरी ०.५, शोला ५०, बस. फेंडरचा टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब २०१९ साली आला, तो तर मागच्या स्विचवर ०.२ वॅटपर्यंत खाली येतो. तो ज्याची नक्कल आहे तो ओरिजिनल डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा ट्यूब ॲम्प आणि त्याला मास्टर व्हॉल्यूमसुद्धा नाही, त्यामुळे घरी तो म्हणजे शिक्षाच.

ट्यूब ॲम्पवर २० आणि १० वॅट असा स्विच असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, वरचं गणित आठवा, निम्मे वॅट म्हणजे ३ डेसिबल.

ट्यूब ॲम्प आधीच घरात असेल तर ॲम्प आणि स्पीकरच्या मधे अटेन्युएटर लावता येतो, तो जास्तीची पॉवर उष्णतेत घालवतो. चालतो छान, पण फार दाबलं की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. त्याहून सोपा जुगाड म्हणजे ॲम्पला इफेक्ट लूप (प्रीॲम्पच्या नंतर पेडल जोडायची सोय) असेल तर त्यात व्हॉल्यूम पेडल लावायचं, मास्टर थोडा उघडा ठेवायचा आणि खरा आवाज पेडलने कंट्रोल करायचा. त्या नखाएवढ्या जागेचा त्रास बराच कमी होतो. माझ्या तीन वर्षांत मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी एकदम भारी वाटणारा आवाज शोला गेल्यावर गायब होतो, असं का?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय.

आपला कान हळू आवाजात बेस (जाड आवाज) आणि ट्रेबल (बारीक, चिरका आवाज) कमी ऐकतो, मधला म्हणजे मिडल नीट ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच याचे आलेख छापले होते. त्यामुळे घरी हळू वाजवताना आपण नकळत बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिडल कमी करतो, आणि आवाज कसा भरदार वाटतो. मग तीच सेटिंग शोच्या आवाजात लावली की बेस घुमतो, ट्रेबल कानात सुईसारखा टोचतो, आणि मिडल नसल्यामुळे गिटार बँडमध्ये विरघळून जाते. कारण खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते, वरची झांजांनी म्हणजे सिम्बल्सनी. गिटारचं घरच मिडलमध्ये आहे आणि तुम्ही तेच विकून टाकलंत.

माझ्या पहिल्या शोचा मित्राने काढलेला व्हिडिओ आहे. त्यात मी डोळे मिटून सोलो वाजवतोय, चेहऱ्यावर काय ते भाव, आणि ऐकू काय येतंय तर नुसतं चिक चिक चिक, पिक तारेवर घासल्याचं. सूर एकही नाही. त्या दिवशी मिडल २ वर होता.

तर दोन वेगळ्या सेटिंग ठेवा. शोची सेटिंग शोच्याच आवाजात बनवा, म्हणजे बँडच्या प्रॅक्टिसला, ड्रमर वाजवत असताना. एकट्याने ऐकलं तर ती थोडी नाकातली, ओबडधोबड वाटेल. वाटू दे. गेनसुद्धा (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) घरी लावता त्यापेक्षा कमी ठेवा, मोठ्या आवाजात एवढ्या डिस्टॉर्शनची गरज नसते आणि कॉर्ड स्वच्छ कळतात.

आवाज कमी असून शेजारी तक्रार करतात, काय करू?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "गाणं काही ऐकू येत नाही रे, नुसतं धम्‌ धम्‌ येतं." काकूंनी एका वाक्यात सगळं फिजिक्स सांगितलं. भिंत आणि फरशी ट्रेबलचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, बेसचा नाही. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि जमिनीवर ठेवलेला ॲम्प आपली थरथर सरळ फरशीत सोडतो.

म्हणून ॲम्प जमिनीवरून उचला. स्टूल, खुर्ची, काहीही, खाली जाड फोम असेल तर उत्तम. कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपरा बेस फुगवतो. बेसचा नॉब कमी करा. आणि ॲम्पचं तोंड तुमच्या कानाकडे करा, गुडघ्यांकडे नको, म्हणजे तुम्हालाच कमी आवाजात जास्त ऐकू येईल. भिंतींवर ते अंड्याच्या ट्रेसारखे फोम लावू नका, त्याने खोलीतली घुमघुम कमी होते, शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज नाही.

हेडफोन लावूनच वाजवलं तर?

चालेल ना, रात्रीसाठी तेच बरं. फक्त ॲम्पच्या हेडफोन आउटला स्पीकर सिम्युलेशन आहे का बघा. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनची करकर तो गाळून टाकतो. हे गाळणं नसेल तर हेडफोनमध्ये माशी अडकल्यासारखा आवाज येतो. मॉडेलिंग ॲम्पमध्ये हे असतंच, स्वस्त जुन्या ॲम्पमध्ये नसतं.

ब्लूटूथ हेडफोन नकोत. त्यात साधारण शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. आवाज हवेत १० मिलिसेकंदात साधारण ३.४ मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे ॲम्प पन्नास मीटर लांब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाजवणं. ताल धरताच येणार नाही. फोनवरचं गाणं ब्लूटूथने ॲम्पमध्ये पाठवून त्याच्यावर वाजवायला काही हरकत नाही, तिथे उशीर झाला तरी कळत नाही.

आणि ट्यूब ॲम्पच्या मागच्या स्पीकर आउटमध्ये हेडफोन चुकूनही लावू नका. हेडफोन जातील, आणि त्या वेळी ते कानावर असतील.

शोला किती लागतो? ड्रमर असेल तर?

स्टेजवर मिक्सर आणि मोठे स्पीकर असतील तर तुमचा ॲम्प लोकांसाठी नसतोच, तो तुमच्यासाठी असतो. समोर एक माईक लागतो, बहुतेक वेळा शुअरचा एसएम५७, किंवा ॲम्पच्या लाईन आउटमधून सरळ मिक्सरला वायर जाते. मग ५ वॅटवालाही चालतो.

माईक नसेल आणि खरा ड्रमर असेल तर हिशोब ड्रमरवरून करायचा, कारण त्याला व्हॉल्यूमचा नॉब नसतो. बारा इंची स्पीकरचा १५ ते २० वॅटचा ट्यूब किंवा ५० वॅटचा सॉलिड स्टेट बहुतेक छोट्या जागांना पुरतो. एकदम चकचकीत क्लीन आवाज हवा असेल तर अजून वर जा. सहा इंची, आठ इंची स्पीकरवाले प्रॅक्टिस ॲम्प इथे मार खातात, वॅट काहीही लिहिलेले असोत.

ॲम्प खुर्चीवर ठेवा, परत सांगतो. जमिनीवर ठेवला तर तो तुमच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवतो, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाढवता, आणि समोरच्या रांगेतला माणूस कानात बोटं घालून बसतो. साऊंडवाला पण तुमच्यावर वैतागतो आणि तो वैतागला की शो संपला समजा.

एकच घेऊ की घरचा वेगळा आणि शोचा वेगळा?

शो महिन्याला एखादा असेल तर एकच, पॉवर स्विच आणि लाईन आउटवाला. शो वर्षातून दोन-तीन असतील तर घरचा छोटा चांगला घ्या आणि शोला तिथला वापरा किंवा मित्राचा मागा. लोकांना ॲम्प उधार मागायला लाज का वाटते मला कळत नाही, ड्रमर कधी स्वतःचा अख्खा सेट घेऊन येतो का?

ॲम्प नकोच, नुसता फ्लोअर मॉडेलर घेतला तर?

फ्लोअर मॉडेलर म्हणजे तेच मॉडेलिंग, पण पायाशी ठेवायच्या पेडलसारख्या डब्यात. बरेच जण हेच करतायत. घरी हेडफोन, शोला सरळ मिक्सरमध्ये. पाठ वाचते. फक्त स्टेजवर मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाईट असेल तर तुम्ही काय वाजवताय ते तुम्हालाच कळत नाही, त्या वेळी मागे एक ॲम्प असता तर बरं असं वाटतं.

सरळ नावं सांगा ना.

बरं. घर आणि शो दोन्ही: बॉस कटाना ५०, किंवा हात सैल असेल तर टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब. ९५ टक्के घरच असेल तर यामाहाची टीएचआर सिरीज, दिसायला टोस्टर पण हळू आवाजात हिच्यासारखं मी फार कमी ऐकलंय. ट्यूबच हवा असेल तर मार्शल डीएसएल२० किंवा फेंडर ब्लूज ज्युनियर, लूपची सोय आहे का ते बघून, ब्लूज ज्युनियरला सहसा नसते. रात्री फक्त हेडफोन: फेंडर मस्टँग मायक्रो किंवा व्हॉक्स ॲमप्लग, गिटारलाच टोचतात आणि खिशात मावतात.

ट्यूब ॲम्पची काळजी काय घ्यायची?

स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच सगळ्यात महाग भाग. कॅबला (स्पीकरच्या वेगळ्या पेटीला) जाणारी वायर स्पीकरची हवी, गिटारची नाही, दिसायला सारख्या असल्या तरी. ॲम्प आणि स्पीकरचे ओहम जुळवा. मागचं कव्हर उघडून आत हात घालू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जीवघेणा असतो. आणि घरर्र येतंय म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग असतात, त्यांच्यासोबत स्टेजवर माईकला ओठ लावू नका, शॉक बसू शकतो.

सेकंडहँड घेताना?

स्वतःची गिटार आणि वायर न्या. सगळे नॉब फिरवा, खरखर आली तर बहुतेक धूळ असते, क्लीनरने जाते, भावात घासाघीस करायला मात्र उपयोगी. ट्यूब असतील तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ट्यूब बदलायची वेळ झाली. व्होल्टेज बघा, दुसऱ्या देशातून आलेला १२० व्होल्टचा ॲम्प २३० मध्ये लावलात तर धूर बघायला मिळेल. आणि वीस मिनिटं चालू ठेवा, काही रोग गरम झाल्यावरच बाहेर येतात.

याच ॲम्पमध्ये अकूस्टिक गिटार, बास, माईक चालेल का?

अकूस्टिक चालेल पण मंद वाटेल, बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर (ट्वीटर) नसतो. माईकचं तेच. बास अगदी हळू, नाहीतर स्पीकर फाटेल.

कानांचं काय?

८५ डेसिबल आठ तास ही अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमच्या शेजारी आपण दोन तास उभे असतो. इअरप्लग लावा, म्युझिशियनवाले मिळतात, त्यात आवाज गोधडीतला होत नाही.

पहिला शो आहे, ॲम्पसोबत काय नेऊ?

एक जास्तीची गिटार केबल, ॲम्पला फ्यूज असेल तर बरोबर त्याच रेटिंगचा एक, सेटिंगचा फोटो फोनमध्ये कारण गाडीत नॉब फिरतात, छोटा टॉर्च, गॅफर टेप. आणि स्वतःचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड, कारण स्टेजवर प्लग पॉइंट नेहमी ड्रमरच्या मागे असतो.